मिलिंदचा उजवा खांदा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही — आणि माझ्या पोटात एखादी गोष्ट इतकी वर्षं टिकली, यावर कोल्हापुरात कुणी विश्वास ठेवायचं नाही. भर पुरात मगरीला बाजूला सारून मी पंचगंगा पार केली, असं मी छातीठोक सांगतो. लोक हसतात, वर चहा पाजतात. ही गोष्ट मात्र — हिच्यात हसायला जागाच नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या पोहण्याच्या तलावावर बटरफ्लाय मारणारे दोघंच. मी पेठेतला, मिलिंद हातकणंगल्याचा. विहिरीत पोहायला शिकलेला, पहाटेच्या गाडीनं यायचा. राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून एकच जाणार होता. मला जायचं होतं ते मिरवायला. त्याला ते प्रमाणपत्र हवं होतं — खेळाडू म्हणून पोलीस भरतीत उतरायला. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढं फेकायचे. पहिली लांबी कुणीही मारील. शेवटच्या लांबीत हातांचं शिसं होतं. आम्ही दोघंही तिथंच मरायचो. एकदा त्याची गाडी चुकली, आणि आम्हाला पोहणं शिकवणाऱ्या सरांनी मला एकट्यालाच समजावलं. ताकद कमरेत आणि पोटात असते, हात नुसते मागनं येतात. कंबर लाटेसारखी हलवत पाय मारा, छोटी अंतरं पोहा, मध्ये दम घ्या, खांद्यांना विश्रांती द्या. "मिलिंदलाबी सांग," म्हणाले.

सांगितलं की! काय सांगितलं?

सगळा खेळ खांद्याचा हाय गड्या, म्हणालो. पोहून झालं की मी तालमीत जातो, पैलवानांचे लाकडी मुद्गल फिरवतो, पाय न लावता दोर चढतो. दुखलं तरी थांबत न्हाय. आणि सरांस्नी बोलू नगं, त्यांना तालमीचं वावडं हाय.

दोराला मी कधी हातही लावला नव्हता. मी कमरेवर मेहनत घेत होतो — तो गावी गेल्यावर, संध्याकाळी.

त्यानं गावच्या तालमीत मुद्गल धरले. थोड्याच दिवसांत त्याचा उजवा हात शर्टात जाईना. कपडे बदलायच्या खोलीत बाही मी धरायचो, तो दात आवळून हात आत सारायचा. घाम फुटायचा त्याला — नुकतीच आंघोळ केलेल्या माणसाला.

"लई दुखतंय रे. बनतंय न्हवं?"

"बनतंय की!"

किती वेळा म्हणालो असेन? रोज. सरांनी विचारलं, तर तो म्हणाला, काही नाही सर, कूस बदलताना अवघडलाय. माझं गुपित राखलं त्यानं. मी शेजारीच उभा होतो. तेव्हा तरी तोंड उघडायचं — पण नाही.

निवडीच्या दिवशी शेवटच्या लांबीत त्याचा हात पाण्यावर आलाच नाही. पाण्यावरची रांगेची दोरी धरून तो लटकत राहिला. मी भिंतीला हात लावला आणि वळून बघितलं — आणि मला आनंद झाला. हेही लिहायलाच हवं. राज्याला मी शेवटचा आलो. घरी येऊन बोटभरानं हुकलो म्हणून सांगितलं. मिलिंद तलावावर पुन्हा आला नाही. भरतीतही उतरला नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी पेठ वडगावच्या बाजारात तो भेटला. हाक त्यानंच मारली. हॉटेलात नेलं, भजी मागवली. बरोबर मेव्हणा होता. उठून खिडकीवरच्या खुंटीची पिशवी काढायची, तर ती मेव्हण्यानं काढून दिली — मिलिंदचा हात तेवढा वर जात नव्हता.

"पावणं, ह्यो आमचा दोस्त," तो मेव्हण्याला म्हणाला. "ताकदीचं गुपित कोण कुणाला सांगतंय? ह्यानं मला सगळं सांगितलेलं. माझाच खांदा कच्चा निघाला."

दोघंही माझ्याकडं बघत होते.

"असतंय एकेकाचं," मी म्हणालो, आणि भजं उचललं.