मेन स्विच आणि चार दिवसांच्या नोंदी

डिसेंबर १९९३, मंगळवार, सकाळी साडेदहा. कोयनानगर, वसाहतीतला दवाखाना. हजर: डॉक्टर, डेटा एंट्री करणारी मुमताज, कंपाउंडर गणपतराव आणि साताऱ्याहून कॉम्प्युटर तपासायला आलेली मी.

कॉम्प्युटरमधून चार दिवसांच्या लसीकरणाच्या नोंदी गायब होत्या. डॉक्टरांनी मुमताजच्या फाइलमध्ये ‘कामचुकार’ असा शेरा मारला होता. ती रोजंदारीवर. महिनाअखेरीस तिला काढायचं ठरलं होतं.

मी आधी त्या चार तारखा कागदावर लिहिल्या. गणपतरावांनी वाकून पाहिलं.

“आवं मॅडम, ह्या चारी दिवशी जमीन हाललीया.”

वसाहतीत हादरा बसला की पहिला मेन स्विच बंद, मग बाहेर. मुमताजला विचारलं, त्या वेळी नेमकं काय केलं?

“तवर भरलेलं समदं सेव्ह केलं, सी प्रॉम्प्ट आला, तवाच स्विच पाडला. तशीच पळाले न्हाई मी.”

प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या आज्ञेची वाट पाहणारी खूण, पडद्यावर आला म्हणजे काम झालं, असं कोणीही समजेल. मशीन लिहिण्याचं काम कसं करतं ते दाखवणारी आज्ञा, SMARTDRV /S, मी टाइप केली. डिस्क हळू चालते, म्हणून मशीन मजकूर आधी मेमरीत ठेवतं आणि काही सेकंदांनी डिस्कवर उतरवतं. त्या तात्पुरत्या साठ्याला कॅश म्हणतात. वीज गेली की तो पुसला जातो. पडद्यावरच्या यादीत C ड्राइव्हपुढे, राइट कॅशच्या रकान्यात ‘yes’ होतं, म्हणजे सेव्ह केलेलंही आधी मेमरीतच थांबत होतं.

“चार-पाच सेकंदांनी काय बिघडतं?” डॉक्टर म्हणाले.

“हादऱ्यात तुम्ही किती थांबता?”



मी एक खोटं नाव भरलं, सेव्ह केलं, प्रॉम्प्ट येताच स्विच पाडला. मशीन परत सुरू केलं. नाव नाही. पुन्हा भरलं, या वेळी SMARTDRV /C देऊन कॅश डिस्कवर उतरवली, मग स्विच. नाव होतं. डॉक्टरांना पटेना. त्यांनी /C न देता स्वतःचं नाव भरून पाहिलं. तेही गेलं.

मग स्टार्टअप फाइलमधली ओळ बदलली: कॅश फक्त वाचण्यापुरती, लिहिण्यासाठी नाही. मशीन जरा मंदावलं. चालेल. मुमताजने मुलांच्या कार्डांवरून चारही दिवस चार वाजेपर्यंत पुन्हा भरले.

तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी /S देते. लिहून झालंय का, हे प्रॉम्प्टवरून ठरवत नाही.

माझ्या वहीत त्या दिवशीच्या यादीत पाच कामं होती. चारांवर टिक आहे. पाचवं डॉक्टरांचं: शेरा खोडून सही करणे. निघताना ते म्हणाले, “झालंच समजा.”

मुमताज अजून कामावर आहे. परवा पुन्हा तिथे गेले तेव्हा तिची फाइल उघडून पाहिली. शेराही आहे.