अण्णांचं मानपत्र

आज सेलूच्या आमच्या घराला रंग द्यायला काढलाय, म्हणून भिंतीवरचं अण्णांचं मानपत्र खाली उतरवलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. नामांतराच्या आंदोलनाच्या वर्षांत ते जिंतूरहून सेलूच्या जिनिंगला स्वतःच्या ट्रकमधून कापूस आणायचे. तेव्हा ट्रकच्या कंपनीचं एक इंग्रजी पत्र पोस्टानं आलं. वर अण्णांचं नाव, खाली गोल शिक्का. गाडी चांगली चालवल्याची शाबासकी आहे, हे अण्णांनीच ठरवलं आणि फ्रेम करून केबिनमध्ये देवाशेजारी लावलं. दर दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू. ट्रक विकला तेव्हा ते घरी भिंतीवर आलं.

आज कुंकवानं माखलेली काच पुसली आणि पहिल्यांदाच वाचलं. तुमच्या गाडीच्या ब्रेकमध्ये दोष आहे. चालवू नका. लगेच आणा, फुकट दुरुस्त करून देऊ.

अण्णांना मराठीत सांगितलं.

"तरीच," ते म्हणाले. "जिंतूरच्या उताराला ब्रेक लय येळा लागायचा न्हाई. मग मी ह्या पत्रालाच हात जोडायचो."

"दोन्ही हात?" आईनं विचारलं.

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "रंग वाळला की परत लाव. त्यानं कधी दगा दिला न्हाई."

मंडळी, संध्याकाळ झाली, रंग वाळलाय, हातात हातोडी घेऊन उभी आहे. खिळा ठोकू का?