लाल दोऱ्याची सात रोपं

"सगळ्यात चांगलं असतं ते खायचं नसतं, ठेवायचं असतं," शिंपीकाका एकदा मला म्हणाले होते.

काका आमचे शेजारी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद केलं आणि घरामागच्या दहा पावलांच्या बागेत शिरले. बाग काकूंची. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि मागे एका डबीत मूठभर धणे राहिले. ते पेरायचे; ऊन तापू लागलं की बहुतेक रोपं घाईनं फुलावर जातात, पण जी शेवटपर्यंत पानांत राहतात त्यांचंच बी धरायचं, हा काकूंचा नियम. काका तो माप घेतल्यासारखा पाळत.

यंदा बाग उतू चालली होती. वाटाण्याचे वेल सुतळी संपली तरी चढायचे थांबेनात. पुदिना नळाच्या ओलीमागे धावत सुटला होता. मुळ्यांनी माती फोडून खांदे वर काढले होते. मेलेल्या माणसाची बाग इतकी जिवंत असावी, याचं मला कधीकधी भय वाटे. कोथिंबीर पांढऱ्या फुलांनी भरली. फक्त सात रोपं हट्टानं हिरवी राहिली. काकांनी त्यांच्या बुडाशी लाल दोरा बांधला. दुकानातलं तेवढंच एक रीळ उरलं होतं. डबी रिकामी होती. जुने धणे सगळे पेरून झाले होते.

"आता ती आहे ती या सातांत," ते म्हणाले आणि लगेच नाक शिंकरू लागले.

त्याच आठवड्यात त्यांची धाकटी बहीण राहायला आली. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मलाही जेवायला बसवलं. वाटाण्याच्या भाजीवर मूठभर कोथिंबीर होती.

काकांचा घास हातातच राहिला. "कोथिंबीर कुठली?"

"आता बागेतली नाही तर काय आभाळातली? बाकीची पार केरसुणी झालीय. तू लाल दोरा बांधून ठेवलेली घेतली, सातच्या सात."

"दोरा बघून घेतलीस?"

"मग! बारा वर्षं तुझ्या दुकानात काजं-बटणं केली, दादा. लाल दोरा म्हणजे कपडा तयार, गिऱ्हाइकाला द्यायला मोकळा. म्हटलं, माझ्यासाठीच काढून ठेवलीय. तोंडानं सांगशील तर शपथ! तुझं तोंड कायमचं शिवलेलं."

मी बोलायला गेलो. काकांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली.

"खा ना," ती म्हणाली. "वास बघ. मला तर चिरतानाच वहिनी आठवली. डोळ्यांत पाणी आलं बघ, आणि कांदा तर नव्हताच."

काकांनी घास तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"अगदी तिचीच," ते म्हणाले.

मग त्यांनी भाजी पुन्हा वाढून घेतली. ताट निपटून खाल्लं. बहीण खूश झाली.

"मुळासकट उपटलीस?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे! कात्रीनं कापली. मुळं कोण खातंय?"

काका उठले. हात धुतले. दाराआडची झारी नळाखाली काठोकाठ भरली आणि मागच्या दारानं बाहेर गेले.