जिभेखालची गोळी

दुष्काळाच्या साली आमच्या काष्टीच्या भागात धूळ तेवढी घरपोच यायची. माझा दमा तिच्यावरच पोसला. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. वर्गात तर शिकवायचोच, पण पारावर, एसटीत आणि लग्नाच्या पंगतीतही सोडायचो नाही. दोनच वर्षांपूर्वी वडील दम्यानं गेले होते. धाप लागली की मला मरणाची भीती वाटायची, आणि ती झाकायला मी आणखी बोलायचो.

दम्यावर औषध सांगणार नाही असा माणूस गावात नव्हता. शेळीचं दूध झालं, रुईची पानं झाली. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. कशा घ्यायच्या तेही सांगितलं असेल, पण तेव्हा मी बोलत होतो. सहा महिने चहाबरोबर गिळल्या, गुण काडीचा नाही. मग इंग्रजी औषध म्हणजे थोतांड, असा पाठ मी गावाला देऊन टाकला.

तरी बाजारच्या दिवशी त्याच गोळ्या घ्यायला काष्टीच्या औषधाच्या दुकानात गेलो. मेडिकलवाल्यांना थोतांड समजावता समजावताच धाप लागली आणि मी बाकावर बसलो.

"गुर्जी, गोळी कशी घेता ती दावा बरं," ते म्हणाले.

मी खुणेनं चहा मागवला. आलेला चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

"गिळायची न्हाई. जिभेखाली ठेवा. इरघळंस्तवर एक शबूद बोलायचा न्हाई."

एवढी कडू शिक्षा मला कुणी दिली नव्हती. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्यादेखत माझ्या शाळेची लाज काढत होती आणि मी मुका. काळीज धडधडत होतं, पण छाती हळूहळू मोकळी झाली. मेडिकलवाल्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली. दिवसाला किती गोळ्या, आणि छाती फार धडधडली तर परत दवाखाना गाठायचा, हे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"आता बोला काय बोलायचं ते."

वडिलांनाही हीच गोळी होती. ती त्यांच्या तळहातावर ठेवून वर तांब्याभर पाणी मीच पाजायचो. तेवढंच मी सांगितलं.

"तुमाला कुनी सांगितलं नसंल," ते हळूच म्हणाले.

वडिलांना दवाखान्यात मीच नेलं होतं. तिथंही मीच बोलत होतो.