वेल्माचा पाहुणा फार चांगला खेळत होता

ज्याला पोटभर चिडायचं असेल, त्याने आमच्या मार्लो क्रीकच्या कॅटफिश या बेसबॉल संघाचं तिकीट काढावं. वेल्मा होलुबेक जन्मभर काढत आली. नवऱ्याशी तिचं भांडण झालेलं कुणी ऐकलं नाही. घरी जाईपर्यंत काही उरतच नसेल, सगळं पंचांना वाटून व्हायचं. तो गेल्यापासून तिच्या शेजारची जागा माझी आहे. का, ते मला विचारू नका. गावाने माझ्याआधीच ठरवून टाकलंय.

छोट्या संघाची पीडा अशी की पोरं आपली नसतात. ती मोठ्या शहरातल्या क्लबची. आमच्याकडे नुसती पिकायला ठेवलेली. जरा रंग धरला की वरून फोन येतो आणि पोरगा बॅग उचलतो. कच्ची तेवढी आम्हाला राहतात. मग करंडक कुठून येणार? आणि वेल्माला मरण्याआधी एकदा तरी तो करंडक गावात बघायचा होता.

त्या उन्हाळ्यात तिच्या माडीवर रेनिएल राहत होता. दूरच्या बेटावरून आलेला, तिला आजी म्हणणारा, आणि असा चेंडू मारणारा की कुंपणापलीकडच्या मक्यात तो शोधायची सोय नाही.

"आज दोन मारले, आजी!"

"मेल्या, कशाला? एक पुरला असता! वरचा कुणी बघायला आला, तर गुपचूप जमिनीलगत खेळायचं. करंडक मिळाला की जा हवा तिकडे."

रेनिएल हसायचा. मी मात्र वैतागलो. "अगं, पोराचं आयुष्य आहे."

"आणि माझं काय, उसाचं चिपाड आहे?"

उपांत्य सामन्याच्या संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ जाळीमागे येऊन बसला. आमच्या मैदानावर इस्त्री करून दुसरं कोण येणार? वेल्मा मला ढकलून त्याच्या शेजारी जाऊन बसली, मांडीवर कोलाच्यांचा, घरच्या गोड भरल्या पावांचा, डबा.

"घ्या ना, खसखशीचे आहेत."

रेनिएल खेळायला आला की ही बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन काढायची. हातवारे करून. बिचारा सभ्य माणूस, तोंडात कोलाचे, मान डोलवत राहिला. दोन्ही वेळा पोरगाही शहाण्यासारखा जमिनीलगत खेळला.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे, दोघे बाद, एकजण तळावर उभा. तिसरा बाद झाला की सामना संपला. बॅट घेऊन रेनिएल आला.

"हा कोण?" गृहस्थाने विचारलं.

"कुणी नाही हो. बदली आहे. तळवे सपाट आहेत त्याचे."

पहिला चेंडू छातीच्या खाली, सरळ, ताटात वाढल्यासारखा. रेनिएलने सोडून दिला. दुसराही तसाच. तोही सोडला, आणि जाळीकडे, वेल्माकडे बघितलं. असा तिसरा सुटला की बाद, खेळ खलास.

वेल्माचा डबा खाली पडला.

"अरे गाढवा, मार! बघतोस काय माझ्याकडे? माझं कशाला ऐकतोस? मार म्हणते ना!"

चेंडू मक्यात गेला. सगळं मैदान उभं राहिलं. आम्ही अंतिम फेरीत पोचलो होतो.

गृहस्थ उठून म्हणाला, "नाव काय त्याचं?"

वेल्मा डोळे पुसत त्याच्यावरच कडाडली. "रेनिएल! माझ्याकडे राहतो! सगळा उन्हाळा मारतोय, लक्ष कुठे असतं तुमचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनिएलच्या बॅगेत कोलाचे कोंबताना ती त्यालाच शिव्या देत होती. अंतिम सामना आम्ही त्याच्याशिवाय खेळलो आणि रीतसर हरलो. त्याच्या जागी उभ्या केलेल्या पोराने हातात आलेला चेंडू सोडला, तेव्हा वेल्मा जाळी हलवत ओरडली,

"अरे, याला कुणी वर का नेत नाही?"