मालवणच्या वाडीतले सहा संच

कोल्हापूरहून पहाटेची एसटी निघाली तेव्हाच माझी पाठ दुखत होती. तीस वर्षं वॉकीटॉकी दुरुस्त करून ती वाकली आहे आणि डोळ्यांनाही आता बारीक तार दिसत नाही. हे काम झालं की दुकान बंद करायचं, असं मी बायकोला निघताना सांगितलं होतं. ती म्हणाली, "मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात."

काम मालवणजवळच्या एका मच्छीमार वाडीत होतं. तिथल्या पाच होड्यांवर एकेक जुना हातसंच (वॉकीटॉकी) आणि किनाऱ्यावर सहावा. फोन आत समुद्रात फार लांब चालत नाही. आणि फोनवर एकालाच सांगता येतं, संचावर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. यंदा त्यांच्या परवान्यात बोलण्याची वाहिनी (चॅनेल) बदलून आली होती. हे संच जुने. त्यांच्या बटणांवरून वाहिनी बदलत नाही, केबलने संगणकाला जोडून आत लिहावी लागते. मासेमारीवरची पावसाळी बंदी दुसऱ्या दिवशी संपणार होती आणि होड्या पहाटे निघणार होत्या.

फोंडाघाटात धुकं इतकं होतं, की ड्रायव्हरने प्रत्येक वळणावर हॉर्न धरून ठेवला. खाली बाजारात गाडी थांबली. उसळ-पाव खाल्ला, चहा घेतला, तरी झोप जाईना. कणकवलीत गाडी बदलली आणि अकराच्या सुमारास वाडीच्या तिठ्यावर (तीन रस्ते मिळतात त्या जागी) उतरलो. उजवीकडे माडांच्या मागे समुद्र होता. राखाडी आणि फुगलेला. त्याच्याकडे बघण्याआधी मी बसायला दगड शोधला.

"मेस्त्रीनू, इलास? येवा, च्या ठेवतय," असं म्हणत एक बाई समोरून आली आणि माझ्या हातातली पिशवी तिने घेतलीच. ही वत्सला. किनाऱ्यावरचा संच तिच्याकडे असतो. होड्या बाहेर असतात तेवढा वेळ ती तो कमरेला लावून घरची कामं करते. तिचा नवरा सदानंद तांडेल (होडीचा प्रमुख) आहे.

ओटीवर सहा संच मांडून ठेवले होते. पाच एका जातीचे, आणि होड्यांवरचाच एक त्यांच्याहूनही जुना, कोपरे झिजलेला. मी केबल काढून लावायला गेलो. पिन बसेना. माझ्या केबलला दोन जाड पिना, आणि या संचांना एकच बारीक भोक. फोनवर मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

सदानंद मला मोटारसायकलवर मालवणात घेऊन गेला. बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने पिन पाहिली आणि हसला. "ही बारीक पिन आता खंय मिळतली? सगळ्यांका बिनतारेचा होया." पण माणूस भला. त्याने तीन खण उपसले आणि तळातून एक जुना हेडफोन काढून दिला. "पिन घेवा, उरलेला फेकून देवा."

परत आलो तर वीज गेलेली. लॅपटॉपची बॅटरी होती, पण डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंगची) विजेवरची. सदानंद आत गेला आणि होडीचा तांब्याचा खिळा घेऊन आला. वत्सलाने भाताचं टोप उतरवून गॅस मोकळा केला. खिळा चिमट्यात धरून ज्योतीवर तापवायचा, धावत ओटीवर यायचं, आणि निवायच्या आत टाका मारायचा. दोनदा बोट भाजलं.

नुसती पिन बदलून भागत नव्हतं. माझ्या केबलमध्ये बोलायची तार वेगळी, ऐकायची वेगळी. या संचांमध्ये दोन्ही एकाच तारेवरून चालतं. दोन तारा एकत्र करायच्या आणि मध्ये एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा, मण्याएवढा भाग) घालायचा. तो माझ्या डबीत होता. चौथ्या टाक्याला तार धरली. संच जोडला आणि पडद्यावर आकडे धावू लागले. ओटीवर जमलेल्यांपैकी कोणीतरी "झाला!" म्हणून ओरडलं.

त्यानंतर जेवायला बसवलं. उकडा भात, तिरफळं घातलेलं सुक्या बांगड्याचं तिखट, सोलकढी. मी पोटभर जेवलो आणि माझे डोळे मिटू लागले. ही चूक जेवणाची नव्हे, माझी.

संचात काही लिहिण्याआधी त्यातलं जुनं वाचून जपून ठेवायचं, हा माझा तीस वर्षांचा नेम. पाच संच मी तसेच केले. शेवटी उरलेल्या त्या झिजलेल्या संचाला मात्र वाटलं, एवढं कशाला, संपवू या. लिहायला लावलं. अर्ध्यावर पोचलं आणि कच्चा टाका सुटला. संच एकदा किंचाळला आणि गप्प झाला. आतलं पुसलं गेलं होतं, नवीन बसलं नव्हतं, आणि या जातीचा दुसरा संच नव्हता, की ज्यातून नक्कल घ्यावी. सूर्य कलेपर्यंत मी खटपट केली. पडदा कोराच राहिला.

तो संच पाच होड्यांपैकी एका होडीवरच्या भिवाचा होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. गेल्या हंगामात इंजिन बंद पडून तो वाऱ्याबरोबर भरकटला होता आणि त्याची हाक किनाऱ्यावर वत्सलाने ऐकली होती, हे मला सदानंदाने वाटेत सांगितलं होतं.

"ह्या काय झाला?" भिवाने विचारलं.

"माझी चूक," मी म्हणालो. "थकलो होतो. आधी वाचून ठेवायला हवं होतं, ते ठेवलं नाही."

त्याने संच उचलून कोरा पडदा पाहिला. मग म्हणाला, "मगे मी उद्या जायनय नाय." (मग मी उद्या जात नाही.)

दोन महिने होडी वर ओढलेली, आणि पहिल्याच दिवशी त्याने घरी राहायचं. वत्सलाने कमरेचा संच काढून त्याच्यापुढे धरला. "हो घे."

"आणि किनाऱ्यार कोण ऐकतलो?"

"कोण नाय. तुमी एकमेकांका ऐका." तो हात पुढे करीना, तशी ती म्हणाली, "गेल्या वर्सा मी ऐकलय म्हणान तू घराक इलस. पण तुझ्याकडे बोलूक संच होतो म्हणान मा, भिवा?"

त्याने संच घेतला.

पहाटे नारळ वाहून पाच होड्या गेल्या. माझी एसटी सातला होती. मी गेलो नाही. वत्सला वाळूवर ओंडक्यावर जाऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. काही ऐकण्यासारखं नव्हतं. तिचा हात सारखा कमरेकडे जाई आणि रिकामा परत येई. दहाला पावसाची सर आली, समुद्र दिसेनासा झाला. ती उठली नाही, म्हणून मीही उठलो नाही. "पंचवीस वर्सा झाली," ती एकदाच म्हणाली, "कान दुखाक लागले हत माझे." तिचंही माझ्यासारखंच झालं होतं.

साडेबाराला पहिलं इंजिन ऐकू आलं. होडी दिसण्याआधीच ती म्हणाली, "सदा." मग दुसरी, तिसरी, चौथी. भिवाची यायला आणखी अर्धा तास लागला. तो पाण्यात उतरला, गुडघाभर लाटेतून आला, आणि तिच्या हातात संच देऊन जाळं ओढायला परत गेला.

केबल मी पुढच्या वेळेसाठी वत्सलाकडे ठेवली. कुठली तार कुठे जाते याचं चित्र वहीच्या पानावर काढून दिलं. भिवाचा संच पिशवीत घेतला. परतीच्या गाडीत फोंड्याचा घाट चढताना झोप लागेल असं वाटलं होतं. लागली नाही. तीस वर्षं मी संच नीट करून गिऱ्हाइकाच्या हातात देत आलो. तो कानाला लावून कोण किती वेळ बसतं, हे बघायला कधी थांबलो नव्हतो. दुकानाचं काय करायचं, ते घाट संपला तरी ठरलं नाही.

भिवाच्या संचासारखाच एक संच बेळगावच्या एका ओळखीच्या कारागिराकडे निघाला. नवी केबल बांधली, त्या संचातून नक्कल घेतली आणि तेराव्या दिवशी भिवाचा संच बोलू लागला. मालवणच्या एसटीने तो पाठवला.

दोन दिवसांनी वत्सलाचा फोन आला. "मेस्त्रीनू, भिवो बोलता हा. ऐका." तिने फोन संचाजवळ धरला. आधी खरखर, मग वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून भिवा कोणाला तरी सांगत होता, की आज बांगडो नाय, नुसती कचऱ्याची जाळी, आणि इंजिनाचो धूर डोळ्यात जाता. कोणीतरी त्याला हसलं. त्याने शिवी दिली.

काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला हाताने थांबवून मी ऐकत राहिलो.