बाळ आलं की आणलं

एर्लिंदा मेन्हीवारचं इंग्रजीशी पहिलं भांडण झालं ते एका ‘वॉज’वरून.

लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक भागात, चर्चच्या तळघरात, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी वर्ग भरायचा. यानिरा शिकवायची. ती वाढली इथेच, पण आईवडील एर्लिंदासारखेच एल साल्वादोर देशाचे, त्यामुळे कुणाची चूक कुठून आली हे तिला ऐकताक्षणी कळायचं. त्या दिवशी भूतकाळ सुरू झाला होता आणि प्रत्येकानं उभं राहून आपला जन्म कुठे झाला ते सांगायचं होतं. एर्लिंदा उठली, पदराला हात पुसावेत तसे स्वेटरला पुसले आणि म्हणाली, “आय बॉर्न इन चालातेनांगो.”

यानिरानं फळ्यावर दोन शब्दांच्या मधे ‘वॉज’ लिहिलं.

“हा कशाला मधे?” एर्लिंदानं विचारलं.

“इंग्रजीत असंच म्हणतात, निन्या. आपण जन्मत नाही, आपल्याला जन्माला घातलं जातं.”

निन्या म्हणजे मुलगी. साल्वादोरची माणसं वयस्क बाईला मानानं अशीच हाक मारतात आणि एर्लिंदाला अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी कुठली हाक गोड लागली नसती.

“कोण घालतं?”

“आई घालते.”

“आई कळा सोसते, पोरी. बाहेर यायचं काम मूल स्वतः करतं. मान वळवतं, खांदा तिरका करतं, वाट काढतं. मी काय ऐकीव सांगतेय का?”

वर्ग हसला. मागच्या बाकावरचा आबेलिनो माळी म्हणाला, “निन्या, आधी परीक्षा पास व्हा, मग इंग्रजांशी भांडा.” आबेलिनोचं बरं होतं. त्याचं सगळं आयुष्य ‘कट’ या एका क्रियापदावर चालायचं आणि ते काल, आज, उद्या बदलतच नव्हतं. हे क्रियापद नक्की कुणातरी माळ्यानंच केलंय, असं त्याचं मत होतं.

एर्लिंदाला मात्र खरंच एक परीक्षा द्यायची होती, नोकरीची. घरापासून सहा गल्ल्या पलीकडे एक छोटं प्रसूतिघर होतं. तिथे बाळंतिणीपाशी बसायला, तिच्याशी स्पॅनिशमध्ये आणि परिचारिकांशी इंग्रजीत बोलायला एक बाई हवी होती. मुलाखतीला एकच गोष्ट विचारत: तुम्ही पाहिलेलं एक बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंग्रजीत सांगा. हातात सहा आठवडे होते. सत्तावीस वर्षं एर्लिंदानं कचेऱ्यांच्या फरश्या पुसल्या होत्या. त्याआधी ती सुईण होती.

तोमासा मावशीच्या हाताखाली ती सोळाव्या वर्षी शिकली. मावशी बोलायची कमी. पोटावर हात ठेवून डोळे मिटायची आणि मूल कुठल्या अंगावर आहे ते सांगायची. डोंगरात लढाई पेटली, गावंच्या गावं घरं सोडून चालू लागली, तेव्हाही पोटांनी काही धीर धरला नाही. एर्लिंदानं एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या बळावर पहिलं बाळंतपण केलं ते अशाच एका वाटेवर, भर दुपारी, मक्याच्या शेतात. सांगायचं तर तेच, हे तिनं मनाशी ठरवलं होतं.

पण ते इंग्रजीत मावेना. स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन घरं आहेत. एका घरात जे चालत असतं ते, दुसऱ्यात जे घडून जातं ते. ऊन तापत होतं, माणसं चालत होती, बाळंतीण रेइना ओठ चावत होती. हे सगळं एका घरात. आणि मूल आलं, हे दुसऱ्या घरात. यानिरानं शिकवलेल्या साध्या भूतकाळात सगळी गर्दी एकाच खोलीत. लोक ‘वॉक्ड’, मूलही आलं, संपलं.

“म्हणजे लोक चालले आणि थांबले, असं नाही का वाटत?” ती मुलीला, नोएमीला, विचारी.

“ऐकणाऱ्याला कळतं, आई.”

“ऐकणारीनं मका पाहिलाय का?”

नोएमी भांडी विसळता विसळता तिच्याकडून पाठ करून घेई. एर्लिंदा प्रत्येक ‘एड’ ठासून म्हणे, पुश-एड, वॉश-एड, जणू त्या शेपटालाही बसायला पाट हवा. नोएमी हसे, मग आईचा चेहरा पाहून पुढचा शब्द सांगे. एकदा तिनं सुचवलं की हे सोड, एखादं सोपं बाळंतपण रच, सहा वाक्यांचं. एर्लिंदानं पुन्हा मक्यापासून सुरुवात केली.

मुलाखत घ्यायला मिसेस लिंडक्विस्ट होत्या, तिथल्या मुख्य सुईण. पांढरे आखूड केस, रबरी चपला, बोटांची नखं अगदी मुळापासून कापलेली. ती नखं पाहून एर्लिंदाला जरा धीर आला.

त्यांनी पहिलाच प्रश्न पाठांतराबाहेरचा विचारला. तुम्ही किती बाळं ‘डिलिव्हर’ केलीत?

हा शब्द एर्लिंदा ओळखत होती. पिझ्झाच्या खोक्यांवर असायचा, पार्सलांच्या गाड्यांवर असायचा. सामान उचलून दारात नेऊन टाकायचं, सही घ्यायची.

“नो डिलिव्हर,” ती म्हणाली. लिंडक्विस्टबाईंचं पेन थांबलं. आपण नकार दिला असं त्यांना वाटलं की काय, या भीतीनं एर्लिंदानं दोन्ही तळहात पुढे करून ओंजळ धरली. तिच्या गावात सुईणीसाठी जे क्रियापद वापरत, तेच तिनं इंग्रजीत उचलून ठेवलं. “आय रिसीव्ड. टू हंड्रेड बेबीज, मोर. दे कम. आय रिसीव्ड.”

दारात आलेल्या पाहुण्याला सामोरं जाऊन आत घ्यावं, तसं. एवढं सांगायला तिच्याकडे इंग्रजी नव्हतं. लिंडक्विस्टबाईंनी तिच्या ओंजळीकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि पुढचं सांगा म्हणाल्या.

मग तिनं मका सांगितला. वाक्यं तुटत होती. ‘वेन्ट’च्या जागी ‘गो-एड’ आलं, एकदा ‘डिड वॉक्ड’ही आलं. पोर आधी रडलीच नाही, सगळे श्वास रोखून बसले, नदीपलीकडे शिपाई, रडली तरी भीती आणि नाही रडली तरी भीती. शेवटी ती शिंकली. शिंकेला इंग्रजीत काय म्हणतात ते न आठवल्यानं एर्लिंदा तिथेच शिंकून दाखवती झाली.

लिंडक्विस्टबाई हसल्या नाहीत. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, “मग तुम्ही हे काम का थांबवलंत?”

या प्रश्नाचं उत्तर कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. एर्लिंदानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

“आय डिडन्ट स्टॉप,” ती म्हणाली. “नोबडी कॉल्ड मी.”

निघताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की इथे बाळ हातात घेण्याचं काम परवाना असलेल्यांचं, तुम्ही आईचा हात धरायचा, कपाळ पुसायचं, तिचं बोलणं आम्हाला सांगायचं. कळवू. एर्लिंदा मान डोलावून बाहेर पडली. त्यातलं ‘कळवू’ हे माणसं नको असताना म्हणतात, हे तिला फरश्यांच्या कामात अनुभवानं ठाऊक झालं होतं. वर्गात आबेलिनोनं विचारलं तेव्हा तिनं खांदे उडवले आणि वही उघडली.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या जाड भाकऱ्या, थापत होती. दोन्ही हात मक्याच्या पिठानं मनगटापर्यंत माखलेले. फोन वाजला. नोएमीनं नंबर पाहिला आणि फोन आईच्या कानाला धरला. पलीकडचं सगळं काही एर्लिंदाला समजलं नाही. सोमवार कळला, सात कळले. ती दोनदा ‘येस’ म्हणाली, आणि तिसऱ्यांदा चुकून स्पॅनिशमधलं ‘सी’.

तव्यावरची पुपुसा करपायला लागली होती. नोएमी ती उलटायला धावली. एर्लिंदा नळापाशी गेली, बाह्या वर सारल्या आणि साबण घेऊन हात धुऊ लागली, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, थेट कोपरापर्यंत.

“आई, सोमवारला अजून दोन दिवस आहेत,” नोएमी म्हणाली.

“माहितीये,” एर्लिंदा म्हणाली, आणि दुसऱ्या हातालाही साबण लावला.